ट्रक चाखणारा हिवराळे

निवृत्ती हिवराळे ट्रक चाखून बघायचा. मी वाढवून सांगते असं वाटत असेल तर उरण रस्त्याला त्या काळी ज्यांचे ट्रक होते, त्यातलं कोणी जिवंत असेल त्याला विचारा. ट्रक धुऊन, वाळवून, त्याने ट्रकखाली शिरायला खणलेल्या खड्ड्यावर उभा केला की हा खाली उतरायचा. ज्या लोखंडी सांगाड्यावर सगळा ट्रक उभा असतो त्या चासीच्या आतल्या अंगाला करंगळी फिरवायचा आणि ती करंगळी तोंडात घालायचा. डोळे मिटायचा. लग्नघरात आचारी आमटी चाखतो तसा. मग दोनांतला एक शब्द बोलायचा. "अळणी" म्हणाला तर गंजाच्या औषधाचं फवाऱ्याचं मशीन सुरू. "अजून" म्हणाला तर मालकाने पुन्हा पाणी आणायचं आणि पुन्हा धुवायचं.

माझी सासू म्हणायची, "ह्या मेल्याला घरची जेवाला घालीत नाय वाटतं."

त्याची घरची जालन्याकडे गावी होती. वर्षातून एकदा तो तिच्याकडे जायचा आणि ठरल्याच्या आधी परत यायचा. तिकडे गंज नाही, करमत नाही, म्हणायचा.

आमचं गाव मिठागरांच्या कडेला. नव्या मुंबईसाठी सरकारने भातशेती घेतली आणि तिच्या पैशात माझ्या नवऱ्याने, हसुरामने, ट्रक घेतला. आणखी काही जणांनी घेतले. काहींनी मुलींची लग्नं लावली, काहींनी दारू प्यायली. ट्रक घेणारा तेवढा शहाणा असं तेव्हा वाटलं. मिठागरातून मीठ भरायचं आणि महाप्याकडच्या कारखान्यांत नेऊन टाकायचं, असा धंदा. बापजाद्यांची जमीन सहा चाकांवर आली होती. ती चाकं थांबली तर आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. हे मला रोज चूल पेटवताना आठवायचं. हसुरामला आठवायचं की नाही ते मला ठाऊक नाही.

ओलं मीठ पोत्यातून गळतं. हौद्याच्या फळ्यांतून ते पाणी खाली चासीवर उतरतं. त्यात आमच्याकडची हवा. नव्या ट्रकचं पोट बघता बघता लाल व्हायचं आणि पुढे पापुद्रे सुटायचे. त्यावर इलाज म्हणजे हिवराळेचा फवारा. डब्यातून येणारं काळं, डांबरासारखं औषध, त्यात तो स्वतःचं काहीतरी मिसळायचा आणि सगळ्यांपासून लपवायचा. ते मेण होतं. सगळ्यांना माहीत होतं. मशीन दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकायचं, आणि हा अंगावर गोणपाटाची खोळ घेऊन खड्ड्यात उताणा पडून ट्रकच्या पोटावर काळ्याचे थर चढवायचा. बाहेर आला की डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसायचं.

तो इथे नव्या वसाहतीच्या इमारतींना रंग मारणाऱ्यांबरोबर आला होता. आल्या आल्या त्याने एक कोयता घेतला आणि भिंतीला टांगला. पावसाळ्यानंतर बघतो तर कोयता तपकिरी. त्याच्या गावी नांगराचा फाळ आढ्याला टांगला तर नातवाच्या हातात तसाच यायचा. माणसं गंजाला कंटाळतात, हिवराळेला गंजाचा राग आला. पंगतीत कुणी ताटावरून उठवावं तसा राग. रंगाचं काम सोडून त्याने रस्त्याकडेची आमची उरलेली पट्टी भाड्याने घेतली, खड्डा खणला आणि मशीन आणलं.

खड्डा माझ्या दारासमोर, म्हणून हे सगळं मला दिसायचं.

बढाईखोर होता. "वैनी, माझ्या हातची गाडी घारापुरीपर्यंत समुद्रातून चालवत न्या. खालून कोरी येईल," असं मला सांगायचा. स्वतः मात्र खाडीत पाऊल घालत नव्हता. भरतीचं पाणी रस्त्याजवळ आलं की खड्ड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचा. संध्याकाळी रॉकेलने हात पुसायचा, मग साबण, मग तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला पांढरा सदरा. तो घालून रस्त्याकडेला उभा राहायचा, जशी काही एसटी पकडायची आहे. एसटी यायची, थांबायची, जायची. हा तिथेच. ड्रायव्हर लोक शिव्या देऊन देऊन थकले.

त्याला वाटायचं, त्याच्या औषधाने जगातलं काहीही टिकतं. छत्रीच्या काड्यांना मारलं, खाटेच्या पायांना मारलं, शाळेतल्या मास्तरांच्या सायकलीला मारलं. मास्तरांचं धोतर पुन्हा कधी पांढरं झालं नाही. एकदा आमच्या घराचे पत्रे आतून गंजलेले त्याने पाहिले आणि आम्ही नको म्हणायच्या आत मशीन दारात आणलं. फुकट. त्या पावसाळ्यात आमच्या भाताला डांबराचा वास, मच्छीला डांबराचा वास, सासूच्या तपकिरीलासुद्धा. पण पत्रा गळला नाही, हे मी सांगितलं पाहिजे. माझी सासू त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. त्याच्या हातच्या डांबराखाली झोपायची.

आता पाण्याचं.

हिवराळेचा नियम असा होता की ट्रक धुवायचा तो गोड्या पाण्याने. लोखंडावर मीठ राहिलं आणि वरून औषध मारलं तर औषध म्हणजे नुसतं झाकण. "आत शिजतंय, वर झाकण. मग मला शिव्या देत येऊ नका," म्हणायचा. आणि आमच्या गावाला गोडं पाणी एकच, देवळामागच्या विहिरीचं. बाकी सगळीकडे खारं.

हिवराळे बौद्ध. आमच्या गावात तेव्हा हा शब्द कोणी वापरत नव्हतं, जुना वापरायचे. आमच्याकडे शिवाशिव नाही, असं गावकीचे लोक बाहेरच्यांना छाती ठोकून सांगत. फक्त त्याने विहिरीत बादली सोडायची नाही, एवढंच. हे त्याला कोणी तोंडावर सांगितलं नाही आणि त्याने कोणाला विचारलं नाही. पहिला ट्रक आला तेव्हा त्याने मालकाला सांगितलं, "पाणी आणा." आणि आपण रिकाम्या ड्रमवर बसला.

तेव्हापासून तशीच रीत पडली. ट्रकचा मालक, गळ्यात सोन्याची साखळी, अंगात टेरिकॉटचा शर्ट, विहिरीवरून खांद्यावर कावड घेऊन यायचा आणि ट्रकच्या पोटाखाली वाकून धुवायचा. हिवराळे ड्रमवर पाय हलवत सुपारी चघळायचा. शेवटी उठून करंगळी फिरवायचा.

"अजून."

"आता काय विहीर आनू का रं उचलून!"

"विहीर नको शेठ. पाणीच आणा."

असं काही वर्षं चाललं. त्याला विहिरीला हात लावू द्यायचा नाही म्हणून अख्ख्या गावाने त्याचं पाणी भरलं, आणि ह्यात काही उलटं आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या पाठीत मात्र आलं. ट्रक वाढले, मालकांची वयं वाढली, आणि एक दिवस देवळात गावकी बसली. गावकीचा म्होरक्या गोमाजी पाटील, त्याचे स्वतःचे दोन ट्रक. हिवराळेला बोलावलं. पायरीखाली उभा केला. आम्ही बायका देवळाच्या मागच्या अंगाला उभ्या होतो.

गोमाजी म्हणाला, "हिवराले, काल बदललाय. गावकीनं ठरवलंय, उद्यापासून तू आपल्या हातानं पानी काढ. आमची काय हरकत नाय."

"माझी आहे ना, पाटील."

"तुजी कसली हरकत?"

"मी फवारा मारायला बसलोय. पाणी भरायला बसलो असतो तर तशी पाटी लावली असती."

"अरं, मान देतंव तुला आमी!"

"मान द्या की. मी कुठं नाही म्हणलो? त्याच्यात बादल्या कशाला घालताय?"

मागे एक पोरगी फस्सकन हसली. तिच्या आईने तिला चिमटा काढला. हिवराळे मात्र हसत नव्हता. म्हणाला, "माझा बाप गावच्या विहिरीवर घागर घेऊन उभा राहायचा. कुणी वतंल म्हणून. निम्मी उमर त्याची उभं राहण्यात गेली. आता वतणारे मिळाल्यात तर मी कशाला मोडू? तुमची रीत आहे, तुम्हीच चालवा."

आणि गेला. 

सगळ्यात जास्त लागलं हसुरामला. घरी येऊन भिंतीला म्हणाला, "ह्याच्यापुढं पानी एक थेंब नाय." मी म्हटलं, गाडी फवाऱ्याला आलीय. म्हणाला, "मना शिकवू नको."

दोन दिवसांनी तो ट्रक घेऊन बंदरावर गेला. भरती होती. खाडीच्या पाण्यात चाकं बुडेपर्यंत ट्रक घातला, खूप धुतला, घासला. आमच्या लोकांना खारं पाणी म्हणजे पाणीच. त्यात आम्ही जन्मलो, त्यात पाय धुतले, त्याचं मीठ करून विकलं. त्याने काही बिघडतं हे हसुरामला मनातून पटलेलंच नव्हतं. वरून दाखवायला दोन हंडे गोडं पाणी ओतलं. ट्रक सुकल्यावर खड्ड्यावर आणून उभा केला.

हिवराळेने करंगळी तोंडात घातली.

"शेठ, खाडी."

"घाम हाय तो माजा."

"घाम चासीच्या आत कसा गेला?"

"तू मारतंस का नाय?"

"अळणी करून आणा, मारतो."

हसुरामने ट्रक वळवला तो थेट कळंबोलीला. तिथे लोखंडाच्या बाजाराजवळ नवी शेड झाली होती. सकाळी घालायचा, संध्याकाळी न्यायचा. चाखणं नाही, विचारणं नाही. औषध असं जाड मारलं होतं की चमकत होतं, आणि पुढच्या बंपरला चंदेरी रंग फुकट. हसुरामने तो ट्रक हिवराळेच्या खड्ड्यासमोर आणून उभा केला आणि उगाच चाकं तपासत बसला. हिवराळे पांढऱ्या सदऱ्यात होता. एक फेरी मारली, वाकून बघितलं.

"देखणी झाली," म्हणाला. "झाकण बरं बसलंय."

दुसऱ्या पावसाळ्यात, भरलेला असताना, महाप्याच्या वाटेवर ट्रक बसला. गाय बसते तसा, मधोमध. केबिनच्या मागे चासी फाटली. हसुरामच्या कंबरेला असा हिसका बसला की त्याला उचलूनच घरी आणावं लागलं. मीठ रस्त्यावर सांडलं आणि लोकांनी ते भरभरून नेलं. पावसात विरघळण्यापेक्षा बरं, असं म्हणायला मी तिथे नव्हते.

ट्रक ओढत आणला. पनवेलचा वेल्डर आला. हातोडी मारली तसं ते चमकदार काळं साल निघालं आणि आतून खारी बिस्किटासारखे पापुद्रे पडले. म्हणाला, "फाटलंय तिथं पट्ट्या मारतो. पण बाकीच्याच्या आत मीठ आहे. ते काढलं नाही तर पुढच्या पावसात भंगारवाल्याला बोलवा." खाटेवरून हसुराम म्हणाला, "बोलवा आत्ताच." मी म्हटलं, गप्प पडा. जमीन एकदा गेली होती. ती दुसऱ्यांदा घालवायला मी तयार नव्हते.

हिवराळेला सांगितलं. तो आला, दोन दिवस तारेच्या ब्रशने सगळं साल खरवडलं, एक शब्द टोचून बोलला नाही. मग हात पुसून म्हणाला, "वैनी, आता पाणी."

"तुमचे शेठ खाटंवर हायत."

"ते दिसतंय. पण पाणी."

दीर मदतीला येईनात. गावकीचा अपमान केलेल्या माणसासाठी आम्ही पाणी भरणार नाही म्हणाले. ट्रक आमचा होता, पण पाणी त्याचं, असा त्यांचा हिशेब. मग मीच भरलं. विहीर ते रस्ता, रस्ता ते विहीर. वाकायचं, आतून पिचकारीने मारायचं, पुन्हा जायचं. हिवराळे ड्रमवर बसलेला. दुपारी करंगळी फिरवली.

"अजून."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा करंगळी. पुन्हा "अजून." मी विहिरीवर आले तेव्हा माझ्या हातांची सालं निघाली होती. विहिरीवर आठ-दहा बायका. तिथूनच त्याचा ड्रम दिसत होता, त्यावर हलणारे पाय दिसत होते. मी तिथूनच ओरडले.

"ए हिवराले! बसून काय ऱ्हायलास? ऊठ, दोर धर!"

त्याला ऐकू गेलं. तो जागचा हलला नाही. "गावकीची परवानगी मी घेतली नाही, वैनी!"

"परवानगी कोन देतंय तुला मेल्या? काम सांगतंय मी! ये हिकरं!"

लोक नंतर म्हणाले, ह्या बाईने मोठं काम केलं. मी काही समाज सुधारायला निघाले नव्हते. माझी पाठ मोडली होती आणि समोर एक धडधाकट पुरुष सुपारी चघळत होता.

त्याने तोंडातली सुपारी थुंकली. मग गोणपाट काढलं, सदरा झटकला आणि आला. बायका बाजूला सरल्या, हंडे मागे घेतले. मी दोर त्याच्या हातात दिला. त्याने बादली सोडली.

बादली बुडेना.

आडवी पडून पाण्यावर तरंगत राहिली. त्याने वर घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा तेच. दोर इकडे हलव, तिकडे हलव. बादली बदकासारखी फिरतेय. जन्मात त्याने विहिरीतून पाणी काढलेलं नव्हतं. कोण काढू देणार होतं? गावकीपुढे तो एवढा ताठ बोलला, त्यातलं थोडं ह्यामुळेही असेल, असं मला तेव्हा वाटलं. औषधाखालून त्याच्या तोंडाचा रंग कधी दिसत नसे. त्या दिवशी दिसला.

बायका आधी तोंडावर पदर घेऊन हसल्या. मग पदर सोडून हसल्या. त्यात हिरूबाई होती. गोमाजी पाटलाची बायको, सोवळ्यात सगळ्यांच्या वर. ती हसली नाही. तिला चुकीचं काम बघवत नसे. थोडा वेळ तिने सहन केलं, मग पुढे आली.

"अरं, तसा नाय! मनगटाला झटका दे. एकच. असा." तिने रिकाम्या हाताने करून दाखवलं. "तोंड खाली जातं तिचं. दे झटका!"

त्याने झटका दिला. बादली पालथी पडली आणि गडप झाली.

"आता वर," हिरूबाई म्हणाली आणि आपला हंडा उचलून चालती झाली. तिने नवऱ्याला काय सांगितलं, किंवा सांगितलं नाही, कोणाला कळलं नाही. गावकी बसली नाही.

त्या दिवशी ट्रक अळणी झाला. माझ्या सासूने मात्र विहिरीचं पाणी सोडलं. शहाळं आणा म्हणाली. शहाळं कोण आणणार? संध्याकाळी तहान लागल्यावर तिनेच निकाल दिला, "दुपारचं पानी गेलं काढून. हे झऱ्याचं नवीन हाय." आणि तांब्याभर प्यायली.

त्यानंतर हिवराळे स्वतः पाणी काढू लागला असेल असं कोणाला वाटेल. नाही. दुसऱ्या ट्रकच्या वेळी तो पुन्हा ड्रमवर. फक्त एखाद्या मालकाची बायको एकटीच पाणी भरताना दिसली तर उठायचा, दोन-चार बादल्या काढायचा, आणि बादली सोडताना मनगटाला असा मोठा झटका द्यायचा की लांबूनसुद्धा दिसावा. पुढे वर्षभरात नव्या वसाहतीचे नळ गावात आले आणि विहिरीची कोणाला गरज राहिली नाही. आता तीत प्लास्टिक आहे. त्यात वाटेल त्याने हात घालावा.

ट्रक चालला. हसुराम कंबरेला पट्टा बांधून चालवायचा. पट्ट्या मारलेली ती चासी पुन्हा फाटली नाही. पण मिठागरांवर भराव पडू लागला, बंदराचं काम आलं, मोठे कंटेनर आले, आणि वाहायला मीठच उरलं नाही. गंजाने आमचा ट्रक खाल्ला नाही. तो धडधाकट अंगाने दारात उभा राहिला, आणि उभ्या ट्रकला पोसता येत नाही. हसुराम गेल्यावर आम्ही तो कळंबोलीला भंगारात दिला. मीच गेले, मुलाबरोबर. मला बघायचं होतं.

आणि तिथे हिवराळे होता. आमच्या पट्टीवरून रस्ता रुंद झाला तेव्हा त्याने मशीन उचलून तिकडे नेलं होतं आणि भंगारवाल्याच्या पुढेच स्वतःची शेड टाकली होती. केस पांढरे, म्हणजे मेणकट राखाडी. त्याने मला पाहिलं, ट्रक पाहिला. गॅसकटर पेटवून माणसं उभी होती. त्यांना हाताने थांबवलं, खाली वाकला, चासीच्या आत करंगळी घातली आणि तोंडात.

"अळणी," भंगारवाल्याला म्हणाला. असं म्हणाला जणू त्यामुळे भाव वाढणार होता.

भंगारवाल्याने माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मी म्हटलं, वेडा नाही. पुढचं त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

हिशेब उरकून परत निघालो तेव्हा रिक्षा त्याच्या शेडवरून गेली. एक मालक, डोळ्यांवर काळा चष्मा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा होता, हातात नळाचा पाइप. हिवराळे ट्रकखालून बाहेर आला, करंगळी पुसली आणि ड्रमवर जाऊन बसला. तो काय म्हणाला ते रिक्षाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मालकाने पाइप पुन्हा आत घातला.